ऱ्हस्व कुडी, दीर्घ कुडी

अवरेकाई बाजारात आली की आमच्या चामराजपुरमच्या गल्लीत पायाखाली सालंच सालं होतात. पावट्याच्याच कुळातली शेंग, पण पावट्याला हा वास नाही. थंडीत दव पडलं की शेंगेवर एक उग्र, तुपकट चिकटा धरतो आणि सोलणाऱ्याच्या बोटांना तो दोन दिवस सोडत नाही. कन्नडमध्ये त्या वासाला सोगडु म्हणतात. मराठीत काय म्हणतात मला ठाऊक नाही. आमच्या मराठीत सोगडुच म्हणतात. सकाळी शाली गुंडाळून बायका पायऱ्यांवर शेंगा सोलत बसतात, गाय येऊन सालं खाते, आणि उप्पीटापासून सांबारापर्यंत घरातल्या प्रत्येक पातेल्यात ते हिरवे दाणे पडतात. महिना-दीड महिन्याचा खेळ. संक्रांत झाली की वास उतरतो.

यंदाही आली. मी वर्षभर या वासाची वाट बघणारा माणूस. पण परवा बायकोनं पहिली पिशवी जमिनीवर ओतली आणि मला तिथं बसवेना. चपला घालून सुम्ने बाहेर पडलो, कोपऱ्यापर्यंत गेलो आणि परत आलो. सुम्ने म्हणजे उगीच, कारण नसताना. बायकोनं विचारलं तेव्हा मी तेच सांगितलं, सुम्ने. खरं तर कारण होतं. या वासाची आता मला लाज वाटते.

आधी घराची ओळख करून देतो, नाहीतर तुम्ही म्हणाल हा कोण आणि याची मराठी अशी का. आम्ही रंगारी. पणजोबांच्या आधीपासून म्हैसुरात आहोत. कापड रंगवायचं, लाकडी ठशांनी छापायचं, हा धंदा. आजोबांबरोबर कापड गेलं, मी कागदावर छापतो. देवराज मोहल्ल्यात माझा लहानसा छापखाना आहे. लग्नपत्रिका, मिठाईच्या खोक्यांची वेष्टनं, उदबत्तीची लेबलं, असलं काम. घरी आम्ही मराठी बोलतो. म्हणजे वाक्य मराठीत निघतं आणि कुठं उतरेल त्याचा नेम नाही, 'भाजीत उप्पु पडलं नाही, अल्वा?', म्हणजे मीठ पडलं नाही ना, अशी आमची तऱ्हा. लिहायची वेळ आली तर मराठी आम्ही कन्नड अक्षरांत लिहितो. मला देवनागरी येते ती पत्रिकांमुळे, कारण आमच्या लोकांना पत्रिकेच्या माथ्यावर गणपतीचं नाव देवनागरीतच लागतं. ऱ्हस्व-दीर्घाचे आमच्याकडे कुणी लाड केले नाहीत. माझ्या चुका काढाल तर खुशाल काढा.

माझी बहीण सुमी माझ्याहून बरीच लहान. ती मला अण्णा म्हणते आणि ऐकत कधीच नाही. खाद्यपदार्थांचं शास्त्र शिकली, बंगळुरात एका बियर कंपनीत राहिली, आणि एक दिवस परत येऊन म्हणाली की मी स्वतःची बियर काढणार. बेट्टदपुरच्या बाजूला तंबाखू भाजायच्या जुन्या भट्ट्या आहेत, विटांच्या, उंच, खिडकी नसलेल्या. त्यातली एक बंद पडलेली भट्टी तिनं भाड्यानं घेतली. रागीला, म्हणजे तुमच्या नाचणीला, मोड आणायचे, ते वाळवायचे, भरडायचे, उकळून गूळ घालून आंबवायचे. पहिल्या दिवशी मी गेलो तेव्हा भिंतींतून तंबाखूचा वास येत होता आणि पातेल्यांतून भाकरीचा. सुमी गमबूट घालून पाण्यात उभी होती. 'अण्णा, एकदा नाक घाल की,' म्हणाली. मी नाक घातलं. वास चांगला होता, हे मी कुणाकडे कबूल केलं नाही.

कारण आमच्या लोकांत दारू ही करायची गोष्ट आहे, बोलायची नाही. पिणारे पुष्कळ. पण पिणाऱ्याला 'पितो' असं कुणी म्हणत नाही. 'त्याची तब्येत बरी नसते' म्हणतात. माझ्या वडिलांचीही तब्येत बरी नसायची. अप्पा गेले तेव्हा आम्ही कावीळ सांगितली, आणि समाचाराला आलेल्यांनी मान डोलावून ती घेतली, कारण त्यांच्याही घरात कुणीतरी काविळीनं गेलेलं होतं. आता त्या घरातली मुलगी दारू गाळते म्हटल्यावर संक्रांतीला एळ्ळु-बेल्लाची, म्हणजे तीळ-गुळाची, ताटं घेऊन येणाऱ्या माम्या-आत्या मला विचारायच्या, 'सुमीचा धंदा काय म्हणतोय रे?' आणि तिळाच्या वाटीवरून डोळे माझ्या तोंडावर लावून थांबायच्या. मी म्हणायचो, 'फूड प्रॉसेसिंग.' इंग्रजीत सांगितलं की लाज थोडी कमी होते. आम्हाला त्यासाठी तीन भाषा दिल्यात देवानं.

तर बियरचं नाव. सुमीनं ते स्वतः शोधलं आणि मला फोन करून सांगितलं. 'कुडी.'

कुडी म्हणजे कानातली, मोत्यांची. आमच्या आईच्या कुड्या हे आमच्या घरातलं पुराण आहे. तिच्या वडिलांनी लग्नात घातलेल्या, मधे लाल खडा आणि भोवती मोती. मी त्या पाहिल्यात, पण लहान मूल आईच्या कानाकडे बघतं कुठं, तोंडाकडे बघतं. सुमी कडेवर होती तेव्हा त्या गेल्या. दसऱ्याच्या स्वारीला गर्दीत पडल्या, अशी गोष्ट आम्ही सांगत आलो. एक पडली आणि ती शोधायला वाकली तर दुसरीही पडली. इतकी बारीकसारीक गोष्ट की सुमी लहानपणी दसऱ्याला गेली की रस्त्यावर खाली बघत चालायची. आईनं नंतर कानांत काही घातलं नाही. भोकं बुजू नयेत म्हणून कडुलिंबाच्या काड्या घालायची, मग त्याही सोडल्या.

सुमीचं म्हणणं असं की आईच्या हरवलेल्या कुड्या मी बाटलीवर परत आणते. शिवाय कन्नडमध्ये कुडि म्हणजे वेलीचा कोवळा शेंडा. मोड आलेल्या रागीला तेही शोभतं. 'आणि कुडि म्हणजे पी,' मी म्हणालो. कन्नडमध्ये तेही आहेच. लहान मुलापुढे दुधाचा पेला धरून आया हेच म्हणतात, कुडि, कुडि. सुमी हसली. 'ते ज्याला ऐकायचं त्यानं ऐकावं.' मी पुढे बोललो नाही. बोलायला हवं होतं ते निराळंच होतं. कुड्या दसऱ्यात पडल्या नव्हत्या. अप्पांनी त्या विकून प्यायल्या होत्या. घरातल्या मोठ्यांना सगळ्यांना ठाऊक होतं, मलाही. फक्त सुमीला नाही. आणि ती आता त्या गोष्टीचं लेबल करायला निघाली होती, आणि ते छापणार होतो मी.

लेबल मी जुळवलं. कन्नड अक्षरांत, मोठ्ठं, दोनच अक्षरं. मराठीत कुडी दीर्घ. पण आम्ही कन्नडमध्ये मराठी लिहिताना दीर्घाची खूण देत नाही, हाताला सवयच नाही. मी ऱ्हस्व केलं. मला त्यात काही वावगं दिसलंच नाही.

अबकारी खात्याला दिसलं. दारूच्या बाटलीवरचं लेबल आधी खात्याकडून मंजूर करून घ्यावं लागतं. गेल्या वर्षी याच मोसमात पत्र आलं की सदर मजकूर ग्राहकास मद्यपान करण्याची सरळ आज्ञा देतो, सबब नाकारला. सुमी ते पत्र घेऊन छापखान्यात आली तेव्हा मी अवरेकाळूचं, म्हणजे सोललेल्या दाण्यांचं, उप्पीट खात होतो. तिनं माझा डबा बाजूला सारला आणि पत्र ठेवलं. 'माझ्या आईच्या दागिन्याचं नाव मी लिहायचं नाही? हे कोण सांगणारे?' तिनं वकील केला. वकिलानं अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर भलंमोठं उत्तर लिहिलं, त्याची प्रत काढायला माझ्याच मशीनवर आला. मी ती वाचली. चांगली होती. माणसाला आपल्या भाषेतला शब्द उच्चारण्याचा हक्क आहे, मातृभाषेत नाव ठेवणं हा गुन्हा नव्हे, वगैरे. वाचताना माझे कान तापत होते. कारण त्या सगळ्या उदात्त वाक्यांच्या बुडाशी दसऱ्याची गर्दी होती.

एकदा असंही वाटलं की बाहेरच्या कुणी शहाण्यानं अर्थ लिहून दिला तर कुड्यांची चौकशी आमच्या घरापर्यंत येणार नाही. आमच्या मागच्या अपार्टमेंटात जोशी म्हणून आहेत, पुण्याहून आलेले, संगणकातले. त्यांची मराठी अशी की ऐकताना मी आपोआप सरळ बसतो. त्यांच्याकडे मी गेलो. त्यांनी चहा दिला, नीट ऐकून घेतलं. 'कुडी म्हणजे कर्णभूषण, बरोबर आहे,' म्हणाले. 'आणि कुडी म्हणजे देहसुद्धा. कुडीत जीव असेपर्यंत, म्हणतो ना आपण?' आम्ही म्हणत नाही, पण मी हो म्हणालो. मग ते चाचरले. 'लिहून द्यायला हरकत नाही हो, पण... बियर आहे ना. इथल्या मराठी मंडळात माझं नाव आहे. शिवाय तुमची ती... म्हणजे तुमच्याकडची मराठी वेगळी पडते थोडी.' मी कप खाली ठेवला. राग आला, पण त्यांचा येईना. ते जे बोलले ते मी स्वतःशी हजारदा बोललो होतो.

सुनावणीच्या आधी खात्याच्या साहेबांनी निरोप दिला की वकिलाचं पुरे झालं, घरातलं कुणी वडीलधारं घेऊन या, ज्यांच्या तोंडी हा शब्द आहे. सुमीला आनंद झाला. तिनं आईला इस्त्रीची साडी नेसवली. आई रिक्षात आमच्या दोघांच्या मधे बसली होती आणि तिच्या बोटांना अवरेकाईचा वास येत होता. मी तिला हळूच म्हणालो, 'आई, तू एवढंच सांग. कुडी म्हणजे कानातली. पुढे काही नको.' आई म्हणाली, 'आय्तु.' म्हणजे बरं.

साहेब वाईट माणूस नव्हता, हे सांगायलाच हवं. त्यानं आईला स्वतः उठून खुर्ची दिली. वकील बोलायला लागला तसा त्यानं हात वर केला आणि म्हणाला, 'स्वातंत्र्य आहे सर, कोण नाही म्हणतंय? चहाच्या पुड्यावर कुडि लिहा, मी ओळीत उभं राहून घेईन. पण या बाटलीवर ऱ्हस्व कुडि लिहिलं तर ते नाव नाही, हुकूम आहे. कुणाच्या तरी घरी कुणीतरी सोडायचा प्रयत्न करत असतो. त्याच्यासमोर सरकारच्या शिक्क्यानिशी पी म्हणून लिहायचं?' सुमी म्हणाली की आम्ही हुकूम करत नाही, आम्ही नाव ठेवतो. दोघांचंही मला पटत होतं, हा माझा जुना आजार. मग साहेब आईकडे वळला. 'अम्मा, कुडि अंद्रे एनु?' कुडी म्हणजे काय?

आईनं कानाच्या पाळीला बोट लावलं. बस्स. एवढ्यावर सगळं मिटलं असतं. साहेबानं मान हलवली, पेन उचललं, आणि चांगल्या माणसाला जसा नको तिथं गोडवा सुचतो तसं हसून म्हणाला, 'निम्म कुडि एल्लि, अम्मा?' तुमच्या कुठं आहेत?

आणि मी बोललो. कुणी विचारलं नव्हतं मला. 'दसऱ्याच्या गर्दीत पडल्या सार्,' मी म्हणालो, 'एक पडली, ती शोधायला वाकली तर दुसरीही.' इतकं सफाईनं आलं तोंडातून की मलाच माझा आवाज परका वाटला. गोष्ट म्हणून ती उत्तमच होती. साहेब च्च्च् करून हळहळला.

आई माझ्याकडे बघत होती. मग तिनं साहेबाकडे बघितलं आणि साध्या आवाजात, दूधवाल्याला उद्या अर्धा लिटर जास्त सांगावं तसं, म्हणाली, 'इल्ल. अवरु कुड्दबिट्रु.'

नाही. त्यांनी पिऊन टाकल्या.

कन्नडमध्ये ते वाक्य ऐकायला पाहिजे. कुडी, कुड्दबिट्रु. शब्द एकातून दुसऱ्यात असा गेला की वकिलाला आधी हसू आलं आणि मग ते त्यानं खोकल्यात घातलं. साहेबानं पेन खाली ठेवलं. शिपायाला चहा सांगितला, सगळ्यांना. मला वाटत होतं की जमीन दुभंगावी वगैरे म्हणतात ते काही खोटं नाही. आई मात्र शांत होती. तिनं बशीत ओतून चहा प्यायला.

साहेबानं लेबल मंजूर केलं. दोन अटी घातल्या. दीर्घाची खूण द्यायची, आणि शब्दाशेजारी शब्दाएवढंच मोठं कुडीचं चित्र छापायचं, म्हणजे बघणाऱ्याला कळेल की हा दागिना आहे. उठताना तो आईला नमस्कार करून म्हणाला, 'माझ्या आईच्या बांगड्या होत्या.'

पायऱ्यांवर सुमीनं मला गाठलं. 'तुला माहीत होतं?'

'होय.'

'आणि मी नाव ठेवलं, तू ते छापलंस, तेव्हा मूग गिळून बसलास?'

'अवरेकाळू,' मी म्हणालो. विनोद करायची ही वेळ नव्हे हे मला कळत होतं, पण माझ्या तोंडाला लाज वाटली की ते असलंच काही बरळतं. सुमी हसली नाही. तिचे डोळे भरले होते आणि ती रागानं लाल झाली होती. 'आता तर हेच नाव राहणार,' ती म्हणाली. 'बापानं आईच्या कानातून ओढून प्यायल्या ना? मी त्याच नावानं विकणार. आणि विचारणाऱ्याला सांगणार. मी कुणाला कावीळ सांगणार नाही.' आणि तिनं ते खरं केलं. त्या आठवड्यात माम्या-आत्या तिळगूळ घेऊन आल्या तेव्हा सुमी घरी थांबली, आणि त्यांनी विचारायच्या आधीच सगळं सांगून टाकलं. त्या बिचाऱ्या तीळ चावायचे विसरल्या. मी स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेलो आणि बराच वेळ पाणीच पीत राहिलो.

अप्पांविषयी एवढं बोललं गेल्यावर मला अप्पा आठवायला लागले. वाईट माणूस म्हणून नव्हे, ती पंचाईत. या मोसमात दाणे भिजवून त्यांची वरची साल काढायचं काम असतं. भिजलेला दाणा चिमटीत धरून दाबायचा की आतली डाळ टुणकन बाहेर येते. अप्पा आमच्याबरोबर बसायचे. सकाळी त्यांचे हात कापायचे, त्यामुळे त्यांच्या चिमटीतून डाळ कुठंही उडायची, कधी माझ्या केसांत, कधी देवाच्या कोनाड्यात. आम्ही हसून लोळायचो. ते मुद्दाम करतात असं आम्हाला वाटायचं. तेही तसंच भासवायचे.

चित्राचं काम उरलं होतं. आईच्या कुड्यांचा फोटो नव्हता; लग्नाच्या एकुलत्या एका फोटोत पदर कानांवरून गेलेला. सुमीला तर तशाच्या तशा हव्या होत्या. 'आईला विचार, एकेक मोती विचार,' असं तिनं बजावलं होतं. म्हणून एका दुपारी मी कागद-पेन्सिल घेऊन आईपाशी बसलो. परातीत भिजलेले दाणे होते, आई साली काढत होती. दाबायची, डाळ परातीत, साल बाजूला. मी विचारलं, मधला खडा केवढा होता, मोती किती, वर फूल होतं का. आई म्हणायची, 'आठवत नाही रे.' मी म्हणालो, 'अगं, रोज घालत होतीस. ओढून घेतल्या तेव्हा तरी बघितल्या असशील.'

आईचा हात थांबला.

'ओढून कुठं घेतल्या,' ती म्हणाली. 'त्यांनी मागितल्यासुद्धा नाहीत.'

मग तिनं सांगितलं. माझ्याकडे न बघता, दाणे सोलत. अप्पांनी सोडली होती. पहिल्यांदाच, मनापासून. चार दिवस झाले होते. त्या सकाळी त्यांना एका साडीच्या दुकानात कामाचं विचारायला जायचं होतं आणि हात इतके कापत होते की शर्टाची गुंडी लागेना. गुंडी आईनं लावली. चहा पाजला, तो अंगावर सांडला. दुसरा शर्ट घातला. ते म्हणाले, मी जात नाही. आई म्हणाली, असे हात बघून कोण काम देईल? 'आणि मीच काढल्या कानातून,' आई म्हणाली. 'हातात ठेवल्या. म्हटलं, थोडंसं प्या. हात थांबतील. मग जा. ते नको म्हणत होते रे. मीच म्हटलं, कुडीरि.'

कुडीरि म्हणजे प्या. आदरानं म्हणायचं तसं. नवऱ्याशी ती कधी कधी कन्नडमध्ये बोलायची, शेजारपाजारी ऐकत असले की.

'त्या दिवशी गेले ते मग थांबले नाहीत,' आई म्हणाली. 'दसऱ्याची गोष्ट त्यांनी केली. मला कुणी बोल लावू नये म्हणून. त्यांनी पिऊन टाकल्या हे मी साहेबाला सांगितलं, ते खोटं नाही. पण अर्धंच आहे. पुढचं माझ्यानं सांगवलं नाही.' परातीतलं पाणी तिनं हातानं ढवळलं. 'आणखी चार दिवस गप्प बसले असते मी...'

मी तिथं कागद घेऊन बसलो होतो. मला खूप लाज वाटत होती आणि ती कुणाची हे ठरवता येत नव्हतं. अप्पांची वाटत आली होती इतकी वर्षं. ती एकदम पायाखालून निघाली आणि तिच्या जागी दुसरी आली. दसऱ्याची गोष्ट ही अप्पांची लबाडी म्हणून मी मनातून तिचा तिरस्कार केला होता, आणि ती बोलताना स्वतःचाही. ती त्यांनी बायकोसाठी रचली होती. आणि साहेबानं आमच्या लेबलावर जो हुकूम वाचला होता तो आमच्या घरात एकदा दिला गेला होता, प्रेमानं, गुंडी लावता लावता.

'सुमीला नको सांगू,' आई म्हणाली. 'ती आत्ता कुठं मान वर करून बोलतेय.'

मी नाही सांगितलं. सुमी आजही बापाला शिव्या घालते आणि लोक तिचं कौतुक करतात, की बघा, किती धीटपणे खरं बोलते. एका इंग्रजी पेपरात तिचा फोटोही आला, भट्टीच्या दारात उभी, हातात बाटली. ती जे बोलते त्यातला शब्द न् शब्द तिला खरा वाटतो. तिला बोलायचं स्वातंत्र्य मिळालं, त्यासाठी ती भांडली, आणि जे बोलायचं तेच तिच्या हातात पुरतं दिलेलं नाही. ते माझ्यापाशी आहे. हे मी देवनागरीत लिहितोय त्याचं कारण तेवढंच. सुमीला देवनागरी वाचता येत नाही.

चित्रासाठी मी देवराज मोहल्ल्यातल्या एका ओळखीच्या सोनाराकडे गेलो. त्याच्या काचेच्या पेटीत कुड्यांचे दहा-बारा जोड होते. त्यातल्या त्यात जुन्या घडणीचा वाटला त्याचा फोटो काढला, घरी येऊन रेषांत उतरवला, मधला खडा लाल केला. दीर्घाची खूण नीट दिली. सुमीला म्हणालो, आईनं सांगितलं तसं काढलंय. तिनं स्क्रीनवर बोट फिरवत एकेक मोती मोजला.

पहिल्या बाटल्या भरल्या तेव्हा सुमी एक बाटली घेऊन घरी आली. आई अंगणात उन्हाला बसली होती. सुमीनं तिचा चष्मा पुसून तिच्या डोळ्यांवर चढवला, बाटली मांडीवर ठेवली आणि समोर उकिडवी बसली. आईनं लेबल जवळ धरलं, लांब धरलं. त्या परक्या कुड्यांवरून अंगठा फिरवला. सुमी तिच्या तोंडाकडे बघत होती. मी दारात उभा होतो. आईनं एकदा मान वर करून माझ्याकडे पाहिलं, आणि मग सुमीला म्हणाली, 'होय गं. अश्शाच होत्या.'